खाडीच्या उथळ पाण्यातील माशांचे बालपण

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान : इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

१. प्रास्ताविक

प्राथमिक शाळेत ‘मासा’ हा पाठ बहुधा एका ठराविक रीतीने घेतला जातो. फळ्यावर आकृती काढावी, कल्ले, पर, खवले व शेपटी यांची नावे लिहावीत, मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या साहाय्याने घेतो हे सांगावे आणि ‘मासा अंडी घालतो, अंड्यांतून पिले बाहेर येतात’ या वाक्यापाशी पाठ संपवावा. हे वाक्य खोटे नाही. परंतु अंडे आणि बाजारातील टोपली यांच्या मधला सारा प्रवास त्यात वगळला जातो. जो भाग मुलांच्या घराशी, गावाच्या पोटापाण्याशी व शाळेजवळच्या खाडीशी निगडित आहे, तोच नेमका शिकवावयाचा राहून जातो.

खाडीकाठच्या एका शाळेतील प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. हा पाठ चालू असता सहावीतील एका मुलाने दुसऱ्या दिवशी घरून मूठभर बारीक मासळी आणली. ती त्याच्या वडिलांच्या जाळ्यात सापडलेली होती आणि खताला घालण्यासाठी अंगणात वाळत पडणार होती. गुरुजींनी ती पांढऱ्या ताटात पसरली व एवढी लहान पिले धरणे बरे नव्हे, असे सहज म्हटले. तेव्हा त्या मुलाने सरळपणे विचारले, “गुरुजी, मासा लाखो अंडी घालतो असे काल तुम्हीच सांगितलेत. मग मूठभर पिले धरली तर काय बिघडले?” गुरुजींना त्या दिवशी उत्तर देता आले नाही. त्यांनी तसे प्रांजळपणे कबूल केले, ही गोष्ट त्यांना भूषणावहच होय.

मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे. ते देता यावे म्हणून माशाच्या बालपणाची हकीकत क्रमाने पाहू.

२. तरंगणारे अंडे

बेडकाची अंडी डबक्यात दिसतात, कोंबडीचे अंडे हातात घेता येते. परंतु समुद्रातील माशाचे अंडे फार थोड्यांनी पाहिलेले असते. याचे कारण त्याचा आकार. बहुतेक समुद्री माशांचे अंडे सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते आणि काचेसारखे पारदर्शक असते. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्याच वेळी शुक्रद्रव्य सोडतो, आणि फलन शरीराबाहेर पाण्यातच होते. फलित अंडी बहुधा पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतात. पुष्कळ जातींच्या अंड्यांत तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो. तो अंड्याला हलके राखण्यास मदत करतो.

माशांची अंडी तळाशी पडतात, अशीच समजूत युरोपातही दीर्घकाळ होती. नॉर्वे देशातील शास्त्रज्ञ जॉर्ज ओसियन सार्स यांनी १८६४ च्या सुमारास लोफोटेन बेटांजवळ कॉड माशाची अंडी पाण्यावर तरंगताना पाहिली, तेव्हा त्या समजुतीला धक्का बसला. जे कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात मासेमारी करीत होते, त्यांच्याही दृष्टीला जे पडले नव्हते, ते बारीक जाळे व भिंग यांनी दाखविले.

आपल्याकडील उबदार समुद्रात अंडे फुटण्यास फारसा वेळ लागत नाही. अनेक जातींत एका दिवसाच्या आतबाहेर पिलू बाहेर येते. या अवस्थेतील पिलाला ‘डिंभ’ असे म्हणतात. ते दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, पारदर्शक व जवळजवळ असहाय असते. त्याचे तोंड अद्याप उघडलेले नसते, डोळ्यांत रंग भरलेला नसतो. पोटाशी पीतकाची एक लहान पिशवी असते. ही त्याची जन्मासोबत मिळालेली शिदोरी होय.

शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. तेवढ्या अवधीत तोंड उघडले पाहिजे, डोळे कामास लागले पाहिजेत आणि तोंडात मावेल एवढे बारीक खाद्य आसपास असले पाहिजे. ते नसेल तर पिलू उपाशी मरते. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ साली असा विचार मांडला की, पुढील वर्षांत समुद्रात किती मासळी मिळणार, हे बरेचसे या कोवळ्या दिवसांत किती पिले तगतात यावर ठरते. त्यांच्या नोंदींत १९०४ साली जन्मलेल्या हेरिंग माशांची पिढी इतकी मोठी निघाली की, पुढे कित्येक वर्षे कोळ्यांच्या जाळ्यांत त्याच पिढीचा भरणा दिसत राहिला. केवळ उपासमारीनेच सारे ठरते असे आज कोणी मानीत नाही. भक्षक, प्रवाह व पाण्याचे तापमान हीही कारणे आहेत. तथापि एका चांगल्या वर्षाची पिले अनेक वर्षे माणसाला पोसतात, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली.

३. समुद्राकडून खाडीकडे

सर्वच मासे खाडीत वाढतात असे नाही, हे प्रथम स्पष्ट करावे. बांगडा, सुरमई यांसारखे मासे आपले आयुष्य खुल्या समुद्रात व किनाऱ्यालगत घालवितात. परंतु बोय, जिताडा, तांबोशी अशा कित्येक जातींची, तसेच कोळंबीच्या अनेक प्रकारांची तऱ्हा निराळी आहे. त्यांची अंडी समुद्रात किंवा खाडीच्या मुखाशी पडतात आणि पिले मात्र वाढण्यासाठी खाडीत येतात.

येथे विद्यार्थी विचारील की, नखाएवढे पिलू ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध खाडीत शिरते कसे? उत्तर सुंदर आहे. ते प्रवाहाविरुद्ध पोहतच नाही. भरतीचे पाणी आत येऊ लागले की, पिले तळापासून वर येतात आणि पाण्याबरोबर आत वाहत जातात. ओहोटी लागली की तळाशी उतरतात, जेथे चिखलाशी घासून प्रवाह मंद झालेला असतो, किंवा काठाच्या आडोशाला थांबतात. पुढच्या भरतीला पुन्हा वर येतात. असे टप्प्याटप्प्याने ती आत पोहोचतात. होडी वल्हविणाऱ्या कोळ्यालाही हीच युक्ती ठाऊक असते. खाडीत वर जावयाचे तर तो भरतीची वाट पाहतो. पाण्याचा खारेपणा आणि खाडीतून येणारा चिखलपाल्याचा वास यांवरूनही पिलांना दिशेचा बोध होत असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

४. उथळ पाणीच का?

मोठ्या माणसाला खाडीचा उथळ, गढूळ भाग म्हणजे ओसाड जागा वाटते. तेथे पोहता येत नाही, मोठी होडी चालत नाही, पाय गुडघाभर रुततो. परंतु पिलाच्या दृष्टीने हेच सारे दोष गुण ठरतात.

पहिली गोष्ट अन्नाची. कांदळ, तिवर, चिपी या खारफुटीच्या झाडांची पाने चिखलात गळतात व कुजतात. कुजणाऱ्या पानांवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर बारीक किडे, लहान खेकडे व प्लवक पोसतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलावर पिवळसर तपकिरी तुकतुकीत थर दिसतो. तोही सूक्ष्म शैवालांचा असतो आणि बोयीची पिले मोठी होऊ लागली की तोच खरवडून खातात. अशा रीतीने अन्न पिलाच्या तोंडाशीच वाढून ठेवलेले असते.

दुसरी गोष्ट आसऱ्याची. हातभर पाण्यात मोठा मासा शिरू शकत नाही. पाणी गढूळ असल्यामुळे नजरेने शिकार करणाऱ्या भक्षकाला पिलू सहजी दिसत नाही. कांदळाची कमानीसारखी मुळे व तिवराची चिखलातून वर आलेली खुंटासारखी श्वसनमुळे यांच्या जाळीत पिले दडून राहतात. भरतीच्या वेळी ती मुळांमध्ये शिरतात, ओहोटीला लहान पऱ्ह्यांत व डबक्यांत उतरतात.

तिसरी गोष्ट उबेची. उथळ पाणी लवकर तापते. पुरेसे अन्न व ऊब मिळाली म्हणजे वाढ झपाट्याने होते, आणि पिलू जितके लवकर मोठे होईल तितके त्याला खाऊ शकणारे शत्रू कमी होतात.

या सोयींची किंमतही पिलाला मोजावी लागते. उन्हाळ्यात डबक्यातील पाणी फार तापते, त्यातील प्राणवायू कमी होतो. समुद्राच्या एक हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. परंतु मुसळधार पावसात खाडीच्या वरच्या टोकाला पाणी जवळजवळ गोडे होते. माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या सुमारे एकतृतीयांश असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते, आणि तो समुद्राचे पाणी पिऊन जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात याच्या उलट घडते. पाणी शरीरात शिरू लागते आणि क्षार राखून ठेवावे लागतात. खाडीतील पिलाला हे दोन्ही धडे लहानपणीच गिरवावे लागतात. ज्या जातींना ते साधते, त्यांच्यासाठीच खाडी ही पाळणाघर ठरते.

५. जिताड्याचे उदाहरण

वरील तत्त्वे एका माशाच्या चरित्रातून सांगितली तर मुलांच्या चांगली लक्षात राहतात. त्यासाठी जिताड्याची निवड करावी. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग व गोमंतक भागात यालाच चोणक म्हणतात.

जिताड्याची मादी खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी सोडते; मोठी मादी लाखांनी अंडी घालते. अंडे पाऊण मिलिमीटरचे असते व उबदार पाण्यात एका दिवसाच्या आतच फुटते. बाहेर येणारे पिलू दीड मिलिमीटरचे असते. महिनाभरात ते एक-दोन सेंटीमीटरचे होते. या वयातील पिलू रंगाने काळपट तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे असते व त्याच्या डोक्यावर पांढरट पट्टे दिसतात. मोठ्या जिताड्याचा रुपेरी रंग पाहिलेल्या माणसाला हे त्याचेच बाळ आहे, असे सांगूनही खरे वाटत नाही. भरतीबरोबर ही पिले खाडीत, खाजणांत, आणि बांधाच्या उघाडीतून थेट भातशेतीच्या कडेच्या पाण्यातही शिरतात. काही पिले नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत जातात, काही निमखाऱ्या पाण्यातच राहतात.

रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण भागातील खारेपाटातील शेतकरी खाडीत मिळणारी जिताड्याची पिले आणून तळ्यांत सोडतात व वाढवितात. त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते : लहान-मोठी पिले एकत्र ठेवली तर मोठी पिले लहानांना गिळतात. म्हणून सारख्या आकाराची पिले निवडून सोडावी लागतात. पकडून आणलेल्या पिलांवरच विसंबून राहावे लागू नये, म्हणून संशोधकांनीही प्रयत्न केले. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बीज बंदिस्त जागेत तयार करण्यात यश मिळविले.

जिताड्याच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून सांगावयाची आहे. जिताडा सामान्यतः प्रथम नर म्हणून वयात येतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पुढे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास बहुतेक नरांचे रूपांतर मादीत होते. म्हणजे मोठा जिताडा हा बहुधा मादी असतो. ही गोष्ट मुलांना सांगून थोडे थांबावे आणि मग विचारावे : “खाडीतील प्रत्येक जिताडा चार वर्षांचा होण्यापूर्वीच धरला गेला, तर अंडी कोण घालील?” हे उत्तर बहुतेक वर्गांत मुलेच देतात, शिक्षकाला द्यावे लागत नाही.

६. थोडी अंडी, अधिक निगा

‘मासे अंडी टाकून निघून जातात’ असे सरसकट विधान करू नये. शिंगाळ्याची अंडी सेंटीमीटरभर व्यासाची, गोटीसारखी असतात आणि संख्येने थोडकी, दोन-चार डझन असतात. ती नर आपल्या तोंडात धरून ठेवतो. पिले बाहेर येईपर्यंत काही आठवडे तो जवळजवळ उपाशी राहतो. मासळी साफ करताना शिंगाळ्याच्या तोंडात अंडी सापडल्याचे कोळीणींनी पाहिलेले असते. पुष्कळांचा समज असतो की तो ती खात होता. खरी हकीकत सांगितल्यास मुलांना फार नवल वाटते.

खाडीतील काळुंदर मासा अंडी दगडाला किंवा बुडालेल्या लाकडाला चिकटवितो. नर व मादी दोघेही त्यांची राखण करतात, परांनी वारा घालावा तसे पाणी हलवितात आणि पिलांनाही काही काळ जवळ राखतात. यावरून एक साधा नियम मुलांकडून काढून घ्यावा : जेथे निगा अधिक तेथे अंडी थोडी, जेथे निगा नाही तेथे अंडी अगणित. लाखो अंडी ही उधळपट्टी नसून निगा न घेण्याची भरपाई आहे.

७. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फळ्यावर पुढील हिशेब मांडावा. समजा, एका मादीने सबंध आयुष्यात १० लाख अंडी घातली. माशांची संख्या वर्षानुवर्षे तेवढीच राहावयाची असेल, तर एका जोडप्यामागे सरासरी एक जोडपेच मोठे होऊन अंडी घालण्यास उरेल. म्हणजे १० लाखांत दोन. ५ लाखांत एक. बाकीची ९,९९,९९८ अंडी व पिले वाटेत नाहीशी होतात.

ती केव्हा नाहीशी होतात, हा खरा मुद्दा आहे. बहुतेक नाश पहिल्या काही दिवसांत व आठवड्यांत होतो. काही अंडी फुटतच नाहीत, काही पिले उपाशी मरतात, काही खाल्ली जातात, काही प्रवाहाने दूर वाहून जातात. खाडीत पोहोचून बोटभर झालेले पिलू, ज्याला मत्स्यपालनात ‘बोटुकली’ म्हणतात, हे त्या साऱ्या संकटांतून तरून आलेले असते. हिशेबासाठी समजा, १० लाखांपैकी २०० पिले बोटुकली होईपर्यंत जगली व त्यांतून दोन मोठी झाली. तर अंड्याची मोठे होण्याची आशा ५ लाखांत एक आणि बोटुकलीची १०० त एक. म्हणजे एक बोटुकली ही ५,००० अंड्यांच्या तोडीची झाली. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत व जातीपरत्वे ते बदलतील, हे विद्यार्थ्यांना सांगावे. परंतु युक्तिवाद बदलत नाही. मूठभर अंडी आणि मूठभर बोटुकल्या सारख्या नव्हेत. भाताचे मूठभर बी सांडले तर शेतकरी हळहळतो. पण लावणीला आलेली मूठभर रोपे उपटली गेली तर त्याचे नुकसान कितीतरी मोठे असते. खाडीकाठच्या मुलाला हा दृष्टांत लगेच पटेल, कारण त्याच्या घरी शेत व जाळे दोन्ही असतात.

८. संकटे आणि उपाय

या विषयाची चर्चा करताना शिक्षकांनी विशेष तारतम्य बाळगावे. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कित्येकांचे वडील डोळ जाळे लावतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेल्या या जाळ्याचे टोक बारीक आसाचे असते व त्यात पिलेही अडकतात. ही मंडळी गरजेपोटी व परंपरेने हा धंदा करतात. वडिलांचा दोष मुलाच्या माथी मारणारा पाठ विज्ञानाचा राहत नाही. शिवाय पिलांचा नाश केवळ जाळ्याने होत नाही. खारफुटी तोडणे, खाजणांत भराव टाकणे, खाडीच्या तोंडाशी पाण्याचा मार्ग अडविणे, कारखान्यांचे व शहरांचे दूषित पाणी सोडणे ही कारणे मुलांच्या वडिलांच्या हाती नसतात, आणि त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. जाळे एका वर्षाची पिले नेते. पाळणाघरच मोडले तर पुढच्या कोणत्याच वर्षी पिलांना जागा राहत नाही.

उपायांची माहिती थोडक्यात द्यावी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची जुनी रूढी याच काळाशी मिळतीजुळती आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. खारफुटीच्या रक्षणासाठी २०१२ साली राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयात कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालाप्रमाणे राज्यात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते. २०२० साली पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला. ते झाड गावच्या खाडीत असल्यास मुलांना अवश्य दाखवावे.

९. पाठाची योजना

हा घटक तीन तासिकांत व एका सहलीत पुरा करता येतो.

पहिली तासिका. मुलांना घरी मिळणाऱ्या मासळीची नावे लिहून आणण्यास सांगावे. प्रत्येक जातीच्या मोठ्या माशाचे व पिलाचे गावातील नाव वेगळे आहे काय, हे आजी-आजोबांना विचारून यावे. नावे तालुक्यातालुक्यांत बदलतात. पुस्तकातील नाव खरे व घरचे चुकीचे, असे म्हणू नये. दोन्ही शेजारी शेजारी लिहावीत.

सहल. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी न्यावे. भरतीची ठोकळ वेळ काढण्याची कोकणातील रीत मुलांकडूनच वदवून घ्यावी : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची वेळ येते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या सुमारास. म्हणजे शाळेच्या वेळेत. शिवाय ते दिवस भांगाचे असल्याने पाण्याचा जोरही कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुलांना खाडीत नेऊ नये. चिखलात उतरू न देता, पक्क्या काठावरून व बांधावरूनच निरीक्षण करावे. गावातील एक जाणता मच्छीमार बरोबर असावा. उथळ डबक्यातील थोडी पिले मलमलीच्या कापडाने धरून पाण्यासह पांढऱ्या थाळीत घ्यावीत, भिंगातून पाहावीत, चित्र काढावे व पाच-दहा मिनिटांत, पाणी तापण्यापूर्वी, जेथून घेतली तेथेच सोडावीत. मुलांनी पिले सोडताना स्वतःच्या हाताने सोडावीत. या क्रियेचा संस्कार उपदेशाहून अधिक टिकतो.

दुसरी तासिका. माशाच्या कानातील खडा पाहावा. घोळ, कोत, ढोमा किंवा शिंगाळा यांचे शिजलेले डोके जेवणानंतर काळजीपूर्वक उघडले असता आत पांढरे, टणक खडे सापडतात. यांना कर्णाश्म म्हणतात. तोल सांभाळण्यासाठी व ऐकण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. झाडाच्या बुंध्याप्रमाणे यांतही थर साठत जातात. मोठ्या माशाचे वय त्यांवरून काढतात. जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ साली दाखवून दिले की, पिलाच्या कर्णाश्मात दररोज एक अतिसूक्ष्म वलय तयार होते. ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. मुलांना वलये दिसली नाहीत तरी, या खड्यात माशाच्या बालपणाची रोजनिशी लिहिलेली आहे, हे कळणे पुरेसे आहे. जातीवार खडे गोळा करून काड्यापेटीत ठेवावेत. शाळेचा लहानसा संग्रह तयार होतो.

तिसरी तासिका. परिच्छेद ७ मधील हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. आकडे बदलून गणिते घालावीत. पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी :

(१) पिलू भरतीला वर येते व ओहोटीला खाली का उतरते?
(२) गढूळ पाणी पिलाला हितकारक, तर कारखान्याचे दूषित पाणी अपायकारक, असे का?
(३) शिंगाळ्याची अंडी थोडी का असतात?
(४) मोठे जिताडे राखणे महत्त्वाचे का?
(५) गावातील खाडीचा कोणता भाग पिलांचे पाळणाघर आहे? त्याचा नकाशा काढा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते गावातील जुन्या माणसांना विचारूनच मिळवावे लागेल, आणि तसे ते मिळवावे यासाठीच तो घातला आहे.

१०. समारोप

प्रारंभी सांगितलेल्या शाळेतील प्रसंगाचा शेवट असा झाला. काही दिवसांनी गुरुजींनी त्या मुलाच्या आजीला शाळेत बोलाविले. ताटातील पिले तोवर वाळली होती. तरी आजीने एकेक उचलून नाव सांगितले : ही बोय, हा शिंगाळा, ही तांबोशी, हा जिताडा. गुरुजी प्रत्येक नावासमोर फळ्यावर अंक मांडत गेले. सारी नावे सांगून झाल्यावर आजी ताटाकडे पाहत म्हणाली, “आज हे एका ताटात मावलेत, गुरुजी. मोठे झाले असते तर टोपल्या पुरल्या नसत्या.” मुलाने आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही. मात्र त्याने वहीत फळ्यावरील नावे व अंक उतरवून घेतले आणि वडिलांना दाखविण्यासाठी ती वही घरी नेली.

वडिलांनी जाळे बदलले की नाही, यावरून पाठाचे मोल ठरवू नये. नवे जाळे घेण्यास पैसा लागतो आणि तो शाळेच्या हाती नाही. परंतु ज्या उथळ पाण्याकडे गाव टाकाऊ जागा म्हणून पाहते, तेथे आपल्या उद्याच्या मासळीचे बालपण चालू आहे, ही जाणीव मुलाच्या मनात रुजविणे शाळेच्या हाती निश्चित आहे. दहा-वीस वर्षांनी त्याच खाडीवर भराव घालण्याचा प्रश्न ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा आज वर्गात बसलेली मुलेच तेथे मत देणार आहेत. त्या दिवसाची पूर्वतयारी म्हणून प्रत्येक किनारी शाळेने वर्षातून एकदा तरी हा पाठ खाडीच्या काठावर घ्यावा.